तसबीर ऐकायची कशी?

जालन्याच्या मस्तगड भागातील आमच्या घरात ‘संशयकल्लोळ’ प्रथम आले ते आजोबांच्या रेडिओवरून. नाट्यगृहाची पायरी न चढलेल्या श्रोत्यांसाठी नभोनाट्य हेच नाटक होते. म्हणून त्याची काटछाट कशी व्हावी, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

रसिकांची तक्रार अशी की, तासाभरात बसवताना पदे कापली म्हणजे देवलांवर अन्याय झाला. मला हे मान्य नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी हे कथानक १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या गद्य नाटकात मांडले होते. पदांचा साज चढला तो १९१६च्या ‘संशयकल्लोळा’त. मूळ आर्थर मर्फीच्या १७६१च्या इंग्रजी नाटकाचे, आणि त्याचे बीज मोलिएरच्या १६६०च्या फ्रेंच प्रहसनात. रूपांतर हाच या नाटकाचा स्वभाव!

खरी अडचण निराळी आहे. येथला सारा गोंधळ डोळ्यांनी घातलेला. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका पाहते. कृत्तिकेच्या हातातील अश्विनशेटची तसबीर फाल्गुनराव पाहतो. श्रोत्याला यांतले काहीच दिसत नाही. ‘आता ती तसबीर उचलते’ असे निवेदकाने सांगितले की विनोद तेथेच मेला. त्यापेक्षा फाल्गुनरावाने स्वतःशी पुटपुटत तसबिरीतल्या चेहऱ्याला नावे ठेवावीत. श्रोत्याला वस्तू नव्हे, तिच्याविषयीचा संशय ऐकू यावा. (संशयी माणूस नाहीतरी समोरचे पाहतो कुठे?)

एखाददुसरे पद अवश्य राहावे. पण वेळ कमी पडलाच, तर पद जावे. भादव्याच्या तोंडची वाक्ये नकोत.