भाला, बॅट आणि जिमखाना शुल्क

माळशिरस तालुक्यातील मिरे गावच्या शेतकरी घरातील किरण नवगिरे प्रथम पुढे आली ती भालाफेकीत. क्रिकेटकडे ती गांभीर्याने वळली पुण्यातील महाविद्यालयीन काळात; म्हणजे ज्या वयात आपण पालक मुलीचे खेळणे पुरे झाले असे ठरवून मोकळे होतो, त्या वयात. पुढे नागालँडची पाहुणी खेळाडू म्हणून २०२२ साली तिने अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढल्या. वीस षटकांच्या सामन्यात दीडशेपलीकडे जाणारी, पुरुषांसह, ती पहिली भारतीय. त्याच वर्षी ती भारतीय संघातून इंग्लंडमध्ये खेळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूर येथे, या वेळी महाराष्ट्राकडून, पंजाबविरुद्ध तिने अवघ्या ३४ चेंडूंत शतक झळकावले. महिलांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये इतके वेगवान शतक तोवर झाले नव्हते.

भाला फेकणाऱ्या खांद्यात षटकाराचे बळ आहे, हे उमगण्यास महाविद्यालयाचे मैदान लागले. सोलापुरातील किती मुलींना ते लाभते? जिमखाना शुल्क तर प्रत्येकीकडून घेतले जाते. त्यातून वर्षभरात किती विद्यार्थिनी प्रत्यक्ष मैदानावर उतरल्या, तो आकडा प्राचार्यांनी वार्षिक अहवालात छापावा. पाहुण्यांच्या सत्काराची छायाचित्रे मागाहून आली तरी चालतील.