चेलोचं चेलोवरच?

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी क्लासिकल गिटारवर बाखच्या पहिल्या चेलो सूटमधला प्रील्यूड वाजवला. जेमतेम अडीच मिनिटांचा तुकडा. त्यासाठी चार महिने घालवले, दोन सबमिशन्स उशिरा दिली आणि नंबर काही आला नाही. त्याचं एवढं वाईट वाटलं नाही. पण नंतर परीक्षकांपैकी एक सर, स्वतः व्हायोलिन वाजवणारे, मुद्दाम जवळ येऊन म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. पण चेलोचं चेलोवरच शोभतं. गिटारचं असं काही वाजव ना."

मी "हो सर" म्हटलं. (कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढली की "हो सर" आपोआप येतं.) मग ठाण्यापासून आसनगावपर्यंत, कसारा लोकलच्या दारात गिटार सांभाळत, मी सरांशी मनातल्या मनात भांडत आले. ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून संपादक मंडळाकडे ही दोन-तीन पानं मागितली. शुद्धलेखन रूममेटने तपासलंय, मतं माझी आहेत.

आधी थोडी ओळख. योहान सेबास्टियन बाख, जर्मनी, १६८५ ते १७५०. म्हणजे संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत जन्म आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात मृत्यू. याने एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना लिहिल्या, त्यांचं त्याच्या स्वतःच्या हातचं १७२० सालचं हस्तलिखित आहे. एकट्या चेलोसाठीही सहा सूट लिहिले. सूट म्हणजे डिस्काउंट नव्हे! वेगवेगळ्या नाचांच्या चालींवर बेतलेल्या तुकड्यांची माळ. या सगळ्यात साथीला कोणी नाही. ना पियानो, ना ताल. एक माणूस, चार तारा आणि गज.

आता "गिटारचं असं काही" म्हणजे काय, ते बघू. आज आपण जिला क्लासिकल गिटार म्हणतो, तिला तिचं हे रूप एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्पेनमध्ये अंतोनियो दे तोरेस या कारागिराने दिलं. तोवर बाखला जाऊन शंभर वर्षं झाली होती. म्हणजे सरांचा नियम लावला तर गिटारवाल्याने बाखला हातच लावायचा नाही. आणि गंमत म्हणजे हा नियम खुद्द बाखला माहीत नव्हता! त्याने आपलाच पाचवा चेलो सूट ल्यूटसाठी पुन्हा लिहिला. ल्यूट म्हणजे फुगीर पोटाचं, बोटांनी छेडायचं वाद्य, गिटारच्या नात्यातलंच. लिहिताना त्याने स्वर बदलला, खर्जातले सूर वाढवले. तिसऱ्या व्हायोलिन पार्टिटाचा प्रील्यूड तर त्याने १७३१ साली लायप्झिगच्या नगर परिषदेच्या सोहळ्यासाठी उचलला आणि थेट ऑर्गनला दिला, वर ट्रंपेट आणि नगाऱ्यांसारखे टिंपानी. एकट्या व्हायोलिनचा तुकडा, आणि त्याची ही मिरवणूक! आपल्या शहापूरच्या किंवा मुरबाडच्या नगरपंचायतीत नवे नगराध्यक्ष खुर्चीवर बसताना असं काही वाजलं तर काय बहार येईल.

पण "बाखने केलं म्हणून मी करते" एवढंच उत्तर देऊन मी सुटू शकत नाही. बाख बाख होता, मी टी. ई.ला आहे आणि माझी एम-थ्री अजून राहिलीय. म्हणून सरांचं म्हणणं जिथे खरं आहे, तिथे आधी जाते.

गजाने वाजणारी तार आणि छेडलेली तार यांत फरक आहे आणि तो साधा नाही. राळ लावलेला गज तारेला पकडतो, ओढतो, तार निसटते, तो पुन्हा पकडतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. गज फिरतोय तोवर तारेला ऊर्जा मिळत राहते. आपल्या भाषेत सप्लाय चालू आहे. गिटारची तार एकदा छेडली की संपलं, त्यापुढे नुसता डिस्चार्ज. सुरुवातीला टण्णकन मोठा आवाज आणि मग उतरतं टोक. चेलोवाला एकच सूर धरून तो हळूहळू फुगवू शकतो. मी डोकं आपटलं तरी ते गिटारवर होणार नाही. पाचव्या सूटमधला साराबांद ऐका (मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून). एकही कॉर्ड नाही, एकामागून एक सुटे सूर. चेलोवर ते गजाच्या एका श्वासात जोडलेले असतात. मी दोन महिने प्रयत्न केला. गिटारवर ते सूर पावसानंतर पत्र्यावरून ठिबकणाऱ्या पाण्यासारखे पडतात. सुंदर असतील, पण तो साराबांद नव्हे. तो मी सोडून दिला. सर, हा पॉइंट तुमचा.

आता माझा. बाखच्या या एकट्या वाद्याच्या रचनांची खरी जादू ही की वाजतो एक सूर आणि ऐकू येतात दोन-तीन. पहिल्या सूटचा प्रील्यूड घ्या. बोट खालच्या सुरावरून उडी मारून वर जातं, वर घुटमळतं, पुन्हा खाली येतं. खालचा सूर चेलोवर प्रत्यक्षात फार टिकत नाही, कारण गज पुढच्या तारेवर गेलेला असतो. तो आपला कान धरून ठेवतो. गिटारवर तोच खालचा सूर मी खरोखर वाजत ठेवू शकते! बोट उचललं नाही की झालं. ऐकणाऱ्याने मनात जी इमारत बांधायची, तिचे खांब गिटार प्रत्यक्ष उभे करते. व्हायोलिनचंही तसंच. त्याची घोडी वक्र असते, चारही तारांना गज एका वेळी लावून धरता येत नाही. म्हणून मोठा कॉर्ड आला की तो तोडून, खालून वर ओढून घ्यावा लागतो. गिटारवर चार बोटं, चार तारा, एकदम. एके ठिकाणी हरतो, दुसरीकडे जिंकतो.

आणि एक गोष्ट मला हॉस्टेलच्या गच्चीवर चुकून कळली. लाईट गेली होती, समोर माहुलीचा किल्ला काळा दिसत होता, आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये माझ्यापुढे गिटारऐवजी व्हायोलिनच्या नोटेशनची झेरॉक्स होती. मी तशीच वाजवायला लागले आणि ते चक्क बसलं! कारण गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहितात. त्यामुळे व्हायोलिनचा सगळ्यात खालचा जी कागदावर बघून वाजवला की तो सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर येतो. सगळं एक सप्तक खाली ऐकू येतं, इतकंच. चेलोचं एवढं सोपं नाही. त्याची खालची सी तार गिटारच्या खालच्या ई-पेक्षा चार सेमिटोन खोल. म्हणून पहिला सूट जी मेजरमधून डी मेजरला उचलतात आणि सहावी तार ई-वरून डी-वर उतरवतात. पावसाळ्यात ही उतरवलेली नायलॉनची तार आमच्या हॉस्टेलच्या ओलीत दर दहा मिनिटांनी आणखी उतरते. ते वेगळं दुखणं. नवीन तारा आणायच्या तर सी.एस.एम.टी. गाठून धोबी तलावापर्यंत पायपीट, अख्खा रविवार जातो.

खरा वाद पुढे आहे, आणि तो सरांशी नाही, गिटारवाल्यांशीच आहे. मूळ रचनेत नसलेले खर्जाचे सूर आपण किती भरायचे? दुसऱ्या व्हायोलिन पार्टिटाच्या शेवटी जो शाकोन आहे, त्याचं काय काय झालंय बघा. बुसोनीने तो दोन्ही हातांच्या पियानोवर असा भरगच्च केला की कॅथेड्रल उभं राहावं. त्याआधी १८७७ मध्ये ब्राम्सने तो पियानोवरच, पण फक्त डाव्या हातासाठी लिहिला. उजवा हात मोकळा असताना! व्हायोलिनवाल्याची जी ओढाताण होते, ती आपल्यालाही व्हावी म्हणून. आंद्रेस सेगोव्हियाने १९३५ मध्ये पॅरिसला तो गिटारवर वाजवला आणि तेव्हापासून गिटारवाल्यांना ती परीक्षाच झाली. मला विचाराल तर मी ब्राम्सच्या बाजूची. गिटारला सहा तारा आहेत म्हणून प्रत्येक ठोक्याला खर्ज ठोकलाच पाहिजे असं नाही. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच आवृत्त्यांत प्रील्यूड इतका भरलेला असतो की मूळची उडी दिसतच नाही. लग्नात ताटात एकदम सगळं वाढतात, तसं. मी माझ्या कॉपीत त्यातले निम्मे सूर पेन्सिलने खोडलेत.

हे खोडणं मला आजोबांनी शिकवलं. मुरबाडकडच्या आमच्या गावात भजनी मंडळात ते पेटी वाजवतात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना प्रील्यूड ऐकवला आणि सरांचं बोलणंही सांगितलं. ते म्हणाले, "अगं बाय, पेटीला कुठं गळा असतो? गाणारा गातो, पेटी मागनं जाते. जिथं जमत नाही तिथं गप बसायचं." एवढं बोलून चहा मागितला.

मी मात्र त्यावर बराच विचार केला. पेटी मूळची फ्रान्सची, १८४२ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट झालेली. तिच्यात मींड नाही, सूर ठरलेल्या पट्ट्यांत बांधलेले. याच कारणांनी ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिच्यावर बंदी आणली आणि ती पुढे १९७१ मध्ये सैल केली. तरी गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांनी तिच्यावर वाजवायचं ते वाजवलंच. पट्टीवरून पट्टीवर जाताना मध्ये कण घेऊन कानाला मींडीचा भास द्यायचा, आणि जिथे तोही नाही तिथे जागा सोडायची.

आणि व्हायोलिन? तेही आपलं नव्हे. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग यांच्यासारख्यांनी ते गळ्याच्या गाण्याला जोडलं. उभ्याने वाजवायच्या त्या वाद्याला आपण मांडी घालून बसायला लावलं, टोक पायावर टेकवलं, तारांची जुळवणी बदलली. परीक्षक सर स्वतः त्याच व्हायोलिनवर यमन वाजवतात! हे मला लोकल वासिंद सोडत होती तेव्हा सुचलं. दोन तास आधी सुचलं असतं तर... तरी "हो सर"च म्हटलं असतं, मला माहितीये.

आता आपल्या गॅदरिंगबद्दल. मागच्या वेळी फॉर्मवर वादनासाठी दोनच चौकटी होत्या, "भारतीय शास्त्रीय" आणि "वेस्टर्न (बँड)". मी दोन्हीत बसत नव्हते. शेवटी मला डान्स ग्रुपचे कपडे बदलून होईपर्यंत "तीन मिनिटं सांभाळ" म्हणून पडद्यापुढे बसवलं. मागे कोणीतरी घुंगरू बांधत होतं. रेक्टर मॅडमनी पुढच्या रांगेतून "शू" केलं म्हणून निदान शेवटचा कॉर्ड ऐकू आला.

यंदाच्या कमिटीला माझी विनंती एवढीच की फॉर्मवर तिसरी चौकट टाका, "एकल वादन", आणि वाद्य कोणतं, रचना कुठली, ते ज्याचं त्याला लिहू द्या. तारपा वाजवणारा आपल्याच कॉलेजात फर्स्ट इयरला आहे, तोही गेल्या वर्षी याच दोन चौकटींमुळे फॉर्म न भरता परत गेला. त्या चौकटीत पहिलं नाव त्याचं घ्या, दुसरं माझं. मी पहिल्या सूटचा प्रील्यूड वाजवीन, कमी खर्जाचा. साराबांद वाजवणार नाही.

— टी. ई. (इन्स्ट्रुमेंटेशन), मुलींचं वसतिगृह