युद्धकाळाचे रंग आणि कॅमेऱ्यामागचे डोळे

शिरड शहापूर : दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील भारतीय शहरांची रंगीत दृश्ये आता औंढा नागनाथ आणि वसमत यांच्या दरम्यानच्या या गावातही मोबाइलच्या पडद्यावर सहज उमटतात. ज्या काळातली ती दृश्ये आहेत, त्या काळी हे गाव निजामाच्या राज्यात होते. मुंबई ब्रिटिशांच्या ताब्यात होती, आणि तेथील बातम्या येथवर पोहोचत त्या युद्धकालीन सेन्सॉरच्या चाळणीतून. ऐंशी वर्षांनंतर चाळणी उरलेली नाही. प्रश्न निराळाच उभा राहिला आहे. समोर जे दिसते ते खरोखर त्या काळाचे आहे काय, आणि ते कोणाच्या नजरेतून टिपलेले आहे?

सेन्सॉरची चाळणी किती बारीक होती, हे १४ एप्रिल १९४४ च्या घटनेवरून कळते. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, सोन्याच्या लगडी होत्या आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्याही होत्या. दुपारी आग लागली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने त्याहून भीषण दुसरा. मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान सांगितला जातो. ६६ अग्निशामक जवान कामी आले; १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्याच स्मरणार्थ. या हाहाकाराचा तपशील जगाला प्रथम सांगितला तो जपानी नियंत्रणाखालील सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. वार्ताहरांना मात्र वृत्त बाहेर धाडण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ऋत्विक घटक यांचे बंधू, छायाचित्रकार सुधीश घटक यांनी केलेले चित्रीकरण लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केले. त्यातील काही भाग पुढे वृत्तपटातून दाखवण्यात आला.

सरकारी वृत्तपटांवर असा पहारा असताना हौशी कॅमेऱ्यांनी टिपलेल्या दृश्यांना मोल येते, ते यामुळे. ‘कोडाक्रोम’ ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये १६ मिलिमीटर आकारात बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी आठ मिलिमीटरमध्येही. काळोखात नीट जपली तर तिचे रंग दशकानुदशके फारसे उतरत नाहीत. या चित्रणांत शत्रूला भिववणारे निवेदन नसते, पार्श्वसंगीत नसते. असतो तो कोणाचा तरी रविवार : बोटीचा कठडा, धक्क्यावरची गर्दी, मुलाचा वाढदिवस. साक्ष द्यायची आहे याची जाणीवच नसलेला साक्षीदार पुष्कळदा अधिक विश्वासार्ह ठरतो.

तथापि हा साक्षीदार तटस्थ असतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कॅमेरा आणि रंगीत फिल्म परवडत असे ती इंग्रज अधिकाऱ्यांना, संस्थानिकांना, मोजक्या धनिक कुटुंबांना. शिवाय ही फिल्म घरी धुता येत नसे, ती कोडॅककडे पाठवावी लागे. गोदीत ओझी वाहणारा कोकणातला वा घाटावरचा कामगार चित्रात दिसतो तो दुरून, पाठमोरा, बहुधा निनावी. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात अशा घरगुती चित्रफितींचा मोठा संग्रह आहे. तो तेथे असावा यात नवल नाही. साहेब मायदेशी परतले, रिळेही त्यांच्याबरोबर गेली. ती जपली गेली याबद्दल कृतज्ञताच हवी. पण आपल्या शहरांची रंगीत आठवण परक्यांच्या अल्बममध्ये शोधावी लागते, ही बोच त्याने कमी होत नाही.

त्यातच आता संगणकाने रंगवलेल्या जुन्या कृष्णधवल चित्रफितींचा सुळसुळाट झाला आहे. लुगड्याचा रंग कोणता, पागोटे कोणत्या छटेचे, हे यंत्र केवळ अंदाजाने ठरवते. करमणूक म्हणून त्यास हरकत नसावी. परंतु ‘मूळ रंगीत’ आणि ‘मागाहून रंगवलेले’ हा भेद पडद्यावर लिहिलेला नसेल, तर उद्याचा अभ्यासक अंदाजालाच पुरावा मानेल. ज्या व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस गोद्या भराव घालून बुजवल्या गेल्या, त्यांचे मूळ रूप आता चित्रांतच पाहायचे आहे. तेथे ही गफलत परवडणारी नाही.

मराठवाड्यापुरते पाहिले तर अडचण वेगळी आहे. निजामी राजवटीतील या मुलखात कॅमेरे विरळाच. जी थोडी रिळे जुन्या वाड्यांच्या पेट्यांत असतील, त्यांना येथील उन्हाळा सोसणारा नाही. अ‍ॅसिटेटची फिल्म उष्ण-दमट हवेत कुजते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की थांबत नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. त्याचा भर साहजिकच कथापट आणि माहितीपटांवर राहिला. घरगुती रिळे हुडकण्यास जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणारी यंत्रणा हवी आणि तिला घाई करावी लागेल. आंबूस वासाचे रीळ जुन्या प्रोजेक्टरवर चढवले तर तुटण्याचीच शक्यता अधिक. ते थंड, कोरड्या जागी ठेवून जाणकाराकडून डिजिटल प्रत करून घेणे बरे. आणि त्याहीआधी, चित्रातले चेहरे ओळखणारी घरातली ऐंशी-नव्वदीची माणसे हयात आहेत तोवर, त्यांच्याकडून नावे व ठिकाणे डब्यावर लिहून घेतली पाहिजेत.