देणगी द्या, हिशेबही मागा

१५ ऑक्टोबर, म्हणजे पांढऱ्या काठीचा दिवस जवळ आला की गावोगावी अंधांच्या मदतीची पावतीपुस्तकं फिरायला लागतात. शाळेतून मुलं कुपनं घेऊन येतात, बसस्टँडवर डबे वाजतात, आता तर व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोडही येतो. आपण बायका सहसा 'नाही' म्हणत नाही. पन्नास-शंभर रुपये देतो, पावती फ्रिजवर ठेवतो आणि विसरून जातो. भाजीवाल्याकडून सुटे दोन रुपये परत घेताना जेवढी चौकशी करतो, तेवढीसुद्धा इथे करत नाही. आमच्या मंडळातल्या एक काकू तर म्हणायच्या, "अगं, दानाचा का कुणी हिशेब मागतं? पुण्य जातं त्यानं."

मैत्रिणींनो, मला हे पटत नाही. मंडळाची खजिनदार म्हणून काही वर्षं मी देणग्यांचे कागद हाताळले. हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं नव्हे, तो दानाचाच भाग आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. ते का, हे सांगण्यासाठी एक लांबचं उदाहरण घेते. लांबचं अशासाठी, की त्या प्रकरणाची पूर्ण चौकशी झाली आणि अहवाल सगळ्यांसाठी खुला झाला.

ब्रिटनमध्ये 'रॉयल नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ब्लाइंड पीपल' ही अंधांसाठी काम करणारी मोठी संस्था आहे. १८६८ साली डॉ. थॉमस आर्मिटेज यांनी तिची सुरुवात केली. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांना स्वतःची डॉक्टरकी सोडावी लागली होती. खुद्द राणी एलिझाबेथ संस्थेच्या आश्रयदात्या होत्या. वर्षाची मिळकत दहा कोटी पौंडांच्या घरात. हिशेब तपासलेले, वार्षिक अहवाल वेळेवर. देणगीदाराला आणखी काय हवं?

या संस्थेचं कॉव्हेंट्री शहरात 'पिअर्स सेंटर' होतं. दृष्टिदोषाबरोबर इतरही गुंतागुंतीचे आजार असलेल्या मुलांची ती शाळा आणि वसतिगृह. तिथे औषधं देण्यात चुका होत होत्या, मुलांच्या सुरक्षिततेत ढिलाई होती. सरकारी तपासनीसांनी त्यावर बोट ठेवलं. २०१८ च्या मार्चमध्ये तिथल्या चॅरिटी कमिशननं, म्हणजे आपल्याकडच्या धर्मादाय आयुक्तांसारख्या यंत्रणेनं, चौकशी सुरू केली. मुख्य अधिकाऱ्यांनी पद सोडलं, ते केंद्र बंद झालं. जून २०२० मध्ये अहवाल आला आणि संस्थेला अधिकृत ताकीद मिळाली.

लक्षात घ्या, इथे कुणी तिजोरी घेऊन पळालं नव्हतं. घोटाळा पैशांचा नव्हता, देखरेखीचा होता. मोठ्या संस्थेच्या पोटात दुसरी संस्था, त्यामुळे नेमकं जबाबदार कोण तेच धूसर. लहान मुलांचं वसतिगृह चालवण्याची पुरेशी जाण विश्वस्तांकडे नव्हती. अधिकाऱ्यांनी जे सांगितलं त्यावर ते विसंबून राहिले. ताळेबंद जुळत होता आणि मुलं मात्र धोक्यात होती.

मला वाटतं, संस्था पारखण्याचा सगळा अर्थ इथेच आहे. पैशांचा हिशेब बघायचाच, पण प्रश्न कोण विचारतं आणि उत्तर कोण देतं, हेही बघायचं. ही गरज आपल्या तालुक्यातल्या अंधशाळेलाही तेवढीच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख दृष्टिहीन व्यक्तींची नोंद झाली. खेड्यातलं मूल शिकायचं तर त्याला घर सोडून वसतिगृहात राहावं लागतं. म्हणजे आई-बाप लांब, आणि मूल पूर्णपणे संस्थेच्या भरवशावर.

आधी पैशांचं बघू. आपल्याकडे सार्वजनिक न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. कायदा १९५० चा. न्यासाला दर वर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. त्याचे दोन कागद महत्त्वाचे. 'शेड्यूल आठ' म्हणजे ताळेबंद, आणि 'शेड्यूल नऊ' म्हणजे जमाखर्च. नावं ऐकून घाबरू नका. बचत गटाची वही वाचता येते ना? मग हेही वाचता येईल.

जमाखर्चात दोन ओळी शोधा. एक 'आस्थापना खर्च', दुसरी 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च'. पगार, कार्यालय, वीज, फोन हे साधारण पहिल्या ओळीत. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत हे दुसऱ्या ओळीत. आस्थापना खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, असं आपण पटकन धरून चालतो. पण थांबा. समजा, एका संस्थेचा आस्थापना खर्च शंभरातले पाच रुपये आहे आणि दुसरीचा तीस. दुसऱ्या संस्थेनं मुलींच्या वसतिगृहात रात्रपाळीला बाई ठेवली असेल, ब्रेल शिकवणारी आणि काठी घेऊन चालायला शिकवणारी शिक्षिका नेमली असेल, आणि त्यांचे पगार त्या तिसात असतील तर? पहिल्या संस्थेत रात्री दाराशी कुणीच नसेल तर? तेव्हा नुसता आकडा बघून खूश होऊ नका आणि चिडूही नका. त्या आकड्यात कोण कोण आहे, ते विचारा.

मग ताळेबंद. त्याच्या ठरलेल्या नमुन्यातच काही ओळी छापलेल्या असतात. विश्वस्तांना दिलेली अ‍ॅडव्हान्स रक्कम, विश्वस्तांकडे असलेली रोख, व्यवस्थापकाकडे असलेली रोख. इथे मोठे आकडे दिसले आणि ते वर्षानुवर्षं तसेच असले, तर 'का?' असं विचारायलाच हवं. मुदतठेवी दिसल्या म्हणून मात्र लगेच नाक मुरडू नका. सरकारी अनुदान उशिरा येतं, तोवर पगार द्यायचे असतात. सहा महिन्यांची, वर्षाची बेगमी असणं शहाणपणाचंच. घरात आपणही गहू-तांदूळ भरून ठेवतोच की. पण ठेवी वाढत चालल्यात आणि मुलांच्या अंथरुणांना ठिगळं आहेत, असं दिसलं तर मात्र बोलायला हवं.

संस्थेची जमीन हाही मोठा विषय आहे. जुन्या संस्थांना दानशूरांनी दिलेल्या जागा आज भर वस्तीत आल्या आहेत, त्यांना सोन्याचा भाव आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. 'जागा विकून दुसरीकडे मोठी शाळा बांधतोय' असं कानावर आलं, तर परवानगीचा कागद बघायला मागा.

आता कारभाराचं. विश्वस्तांची यादी मागा. एकाच घरातले नवरा, बायको, भाऊ, मेहुणा अशी नावं आहेत का? वारलेल्या विश्वस्तांची नावं अजून तशीच आहेत का? विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो वेळेवर दिला जात नसेल, तर सभाही कागदावरच होत असतील, अशी शंका यायला जागा आहे. शिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवायला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार वेगळी नोंदणी लागते. तिची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मंडळावर स्वतः अंध असलेली माणसं किती? त्यांत बाई आहे का? त्या ब्रिटिश संस्थेच्या नावात आधी 'अंधांसाठी' असा शब्द होता. २००२ मध्ये अंध व्यक्ती तिच्या सभासद होऊ लागल्या आणि नाव बदलून 'अंधांची' संस्था झाली. पण नाव बदलून भागत नाही, हे पुढच्या प्रकरणानं दाखवलंच. नुसतं खुर्चीवर बसवणंही पुरेसं नाही. सभेचे कागद त्यांना ब्रेलमध्ये किंवा मोबाइलवर ऐकता येतील अशा रूपात आधी मिळतात का? की 'ताई, इथे अंगठा टेकवा' म्हणून काम उरकतं?

एका शाळेत आम्ही कार्यक्रमाला गेलो होतो. भिंतीवर छान रंगवलेली तक्रारपेटी होती. मी सहज विचारलं, "मुली यात ब्रेलमध्ये लिहून टाकतात का? मग वाचतं कोण?" उत्तर मिळालं, "वाचतात की, आमच्याच बाई वाचतात." आता बघा, तक्रार त्या बाईंबद्दलच असेल तर? वसतिगृहातल्या माणसाबद्दल असेल, आणि तो बाईंचा नातलग असेल तर? ज्या मुलीला समोरचा माणूस दिसत नाही, ती आवाजावरून, हाताच्या स्पर्शावरून ओळखते. तिचं म्हणणं ऐकणारं संस्थेबाहेरचं कुणी आहे का? दहा किंवा जास्त कर्मचारी असतील, तर २०१३ च्या कायद्यानुसार महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे. हे प्रश्न कुठल्याच ताळेबंदात दिसत नाहीत, म्हणून ते आपणच विचारायचे.

"पण आम्हा बायकांना कोण कागद दाखवणार?" असं तुम्ही म्हणाल. चांगली संस्था दाखवते. आमच्या मंडळानं एकदा दोन ठिकाणी एकच पत्र पाठवलं. एका ठिकाणाहून उत्तर आलं, "मुलांकडे बघा हो ताई, कागदांत काय आहे?" दुसरीकडच्या मुख्याध्यापिकेनं चहा ठेवला, फाइल पुढे केली आणि म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. लोक वाढदिवसाला गोड जेवण देऊन जातात. ब्रेलच्या जाड कागदाला पैसे लागतात, ते कुणी विचारतच नाही." देणगी कुठे गेली असेल, ते सांगायला नको.

कागद मिळाले नाहीत तरी वाटा आहेत. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर न्यासाचं नाव शोधता येतं, त्यांच्या कार्यालयातून नोंदणीचा उतारा मिळतो. अनुदानित शाळा असेल, तर दिव्यांग कल्याण विभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून अनुदान किती मिळालं, तपासणीचा शेरा काय, हे विचारता येतं. सरकारी पैशांवर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थाही या कायद्याखाली येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

देताना आणखी थोडी काळजी घ्या. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव संस्थेचं येतं की व्यक्तीचं, ते बघा. पावतीवर '८०-जी' छापलेलं असणं पुरेसं नाही. २०२१-२२ पासून प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरून निघालेलं प्रमाणपत्र संस्थेनं द्यायचं असतं. दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ही सवलत मुळीच मिळत नाही. हे घरातल्या कर भरणाऱ्यालाही सांगून ठेवा.

एकटीनं विचारायला संकोच वाटत असेल, तर भिशीतल्या, बचत गटातल्या पाचजणी मिळून जा. शंभर रुपये देणारीलाही विचारायचा तेवढाच हक्क आहे. आपल्या प्रश्नामुळे एखाद्या वसतिगृहात रात्रपाळीची बाई नेमली गेली, एखाद्या मुलीची तक्रार वाचायला बाहेरची बाई दर महिन्याला येऊ लागली, तर ते दान पावतीवरच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठं असेल.