पाऊस टॉवरला आधी कळतो

आमच्या गल्लीतल्या एका मावशींच्या माळवदावर मी २०१६ साली फ्री डिशची छत्री बसवली. उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, आपलं नांदेड जिल्ह्यातलं लोहा ७७ अंशांवर. म्हणून आपल्याकडं ही छत्री आग्नेयेला तोंड करून, मान चांगली वर उचलून बसते. दोन पावसाळे गेले आणि मावशींनी एक गोष्ट हेरली. भाद्रपदात माळवदावर उडीद वाळत घातलेला असतो, अंगणात ऊन असतं, आणि पडद्यावर एकाएकी चौकोन पडायला लागतात, आवाज तुटतो. त्या लगेच सुनेला हाक देतात, "टीव्ही गेली बघ, पाऊस यायलाय, उडीद गोळा कर!" दहा-पंधरा मिनिटांत सर येते. मी स्वतः दोनदा त्यांच्या ओट्यावर बसून हे पाहिलं आहे.

उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर असला तरी छत्रीकडं येणारी लहर पावसातून येते ती फक्त शेवटचे पाच-सहा किलोमीटर. आणि येते तिरकी. त्यामुळं घरापासून आग्नेयेला दोन-अडीच किलोमीटरवर जो ढग असेल, त्याच्यातूनच तिला यावं लागतं. उत्तरा-हस्ताचे पाऊस पुष्कळदा पूर्वेकडून, बंगालच्या उपसागराच्या अंगानं येतात. ढग अजून शिवेवर असतो, पण लहर त्यानं गाठलेली असते. तिची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, पावसाचा टपोरा थेंब चार-पाच मिलिमीटरचा. थेंब लहरीतली थोडी ऊर्जा पितो, थोडी इकडंतिकडं उधळतो. छत्रीपर्यंत जे पोचतं त्यात चित्र जुळत नाही.

मावशींना छत्रीवरून जे कळतं, तेच मोबाइल टॉवर चालवणाऱ्या कंपन्यांना आकड्यांत कळतं, बहुतेक ठिकाणी दर पंधरा मिनिटांनी. ते आकडे त्यांच्या संगणकात पडून असतात. ते लोह्याच्या शेतकऱ्याला मिळाले पाहिजेत, हे माझं म्हणणं आहे. का, ते सांगायला थोडं माझ्या धंद्यातून जावं लागेल.

माझं दुकान बसस्थानकाजवळ आहे. आधी केबल, मग डिश, आणि २०१८ मध्ये सरकारनं ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा परवान्याशिवाय खुला केल्यावर खेड्यांना वायरलेस नेट जोडण्याचं काम. २०१९ च्या फेब्रुवारीत मी आठ किलोमीटरवरच्या एका गावाला लिंक जोडली. इकडं तीन मजली इमारतीची गच्ची, तिकडं पाण्याची टाकी. दुर्बिणीतून टाकी स्वच्छ दिसत होती. लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा आला मायनस ५८, म्हणजे उत्तम. मार्च, एप्रिल, मे, एकही तक्रार नाही. मृगाचा पाऊस झाला, जुलै उजाडला आणि रोज फोन सुरू झाले. आकडा मायनस ७९ वर उतरलेला. मी रेडिओ बदलला, केबल बदलली, ॲडॉप्टर बदलला. पाऊस थांबून तास झाला तरी आकडा वर येईना, दुपारचं ऊन पडल्यावर थोडा यायचा. शेवटी मोटारसायकल काढली आणि लिंकच्या रेषेखालून बांधाबांधानं निघालो. मधोमध एका बांधावर सागाची ओळ होती. फेब्रुवारीत तीच झाडं म्हणजे नुसत्या काठ्या होत्या. आता एकेक पान सुपाएवढं, आणि पानापानावर पाणी.

रेडिओची लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. तिला दोन टोकांच्या मध्ये वांग्याच्या आकाराची मोकळी जागा लागते. आठ किलोमीटरच्या लिंकला मधोमध ही जागा रेषेपासून वर, खाली आणि बाजूंना दहा-दहा मीटर भरते. दुर्बिणीला टाकी दिसली म्हणून लहरीला वाट मिळाली असं होत नाही, हे मला त्या सागानं शिकवलं. शेतकरी धुऱ्यावर उभे होते. "दादा, सागाला तेवढा हात लावू नका," म्हणाले. लावणार नव्हतोच. टाकीवर वीस फुटांचा पाइप चढवला आणि काम झालं. पण तेव्हापासून मी उन्हाळ्यात लिंक पाहायला गेलो की आधी बांधावर कोणती झाडं आहेत ते विचारतो.

दुसरा धडा आपल्या काळ्या जमिनीचा. चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, भेगेत कोपरापर्यंत हात जातो. पावसात तीच जमीन फुगते. तिच्यात तीन फूट खड्डा करून रोवलेला खांब दरवर्षी थोडा हलतो. घरचं छप्पर असेल तर एवढ्यानं काही बिघडत नाही. पण दोन फुटी डिशमधून निघणारा ८० गिगाहर्ट्झचा झोत अर्ध्या अंशाहूनही अरुंद असतो. खांब बोटभर कलला की झोत पलीकडच्या डिशच्या बाजूनं निघून जातो. खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल नेला पाहिजे, आणि हे पुण्या-मुंबईहून आलेल्या नकाशात लिहिलेलं नसतं.

आता टॉवरकडं येऊ. प्रत्येक टॉवरला जमिनीखालून फायबर आलेली असतेच असं नाही. आडगावचे कितीतरी टॉवर शेजारच्या टॉवरशी हवेतूनच जोडलेले असतात. टॉवरवर ढोलासारखे जे गोल पांढरे डबे दिसतात, ते त्या लिंकचे. त्यांच्या लहरी १५, १८, २१ गिगाहर्ट्झच्या, आणि आता ८० च्याही. जितकी लहर तोकडी तितका पाऊस तिला जास्त छळतो. तासाला ५० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस कोसळत असेल तर माझ्या ५ गिगाहर्ट्झच्या लिंकला तो जवळपास जाणवत नाही. १८ च्या लिंकची ताकद दर किलोमीटरला एक तृतीयांश उरते. ८० च्या लिंकची एका किलोमीटरात सत्तर-ऐंशीवा भाग. म्हणून मोबाइलवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र चालत नाही. तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतची वाट ठीक असते, टॉवरपासून पुढची वाट पावसात बुडालेली असते.

अभियंते लिंक आखताना वर्षाचा हिशेब धरतात. ९९.९९ टक्के वेळ चालली म्हणजे चांगली लिंक. उरलेला ०.०१ टक्का म्हणजे वर्षाची ५३ मिनिटं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ती ५३ मिनिटं वर्षभर वाटून येत नाहीत. ती मे महिन्याच्या वळवात आणि जून ते ऑक्टोबरच्या झडींत येतात, आभाळ फाटलेलं असतं तेव्हाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं 'दामिनी' ॲप काढलं, ते आसपासच्या विजांचा इशारा देतं. फार मोलाचं काम आहे. पण इशारा फोनवर यायला नेट लागतं, आणि नेट गेलेलं असतं नेमकं विजा कडाडत असताना. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावांत पाणी शिरलं. तशा रात्री एकेका मिनिटाची किंमत काय असते, हे वर्षाच्या सरासरीत कुठं दिसणार?

आणखी एक प्रसंग. २०२५ च्या आधी पीक विम्यात नुकसानीची माहिती ७२ तासांत कळवावी लागायची. एका सप्टेंबरात भिजलेला एक शेतकरी माझ्या दुकानात आला. आदल्या दिवशी सोयाबीन पाण्यात गेलेलं. शेतातून कळवायला गेला तर ॲपमधलं चक्र नुसतं फिरत राहिलं. सदऱ्यानं फोन पुसत तो म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडं तार हाय, तुम्ही तरी पाठवा." माझ्याकडं फायबर होती, म्हणून त्याची तक्रार गेली. त्याच्या गावातल्या बाकीच्यांच्या गेल्या की नाही, मी विचारलं नाही आणि त्याची रुखरुख मला अजून आहे.

प्रत्येक वेळी दोष पावसाचा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. वादळात लाईट जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, जनरेटरमध्ये डिझेल नसतं. कुठं रस्त्याच्या कामात जेसीबी फायबर तोडतो. ग्राहकानं विचारलं की सगळ्याला एकच उत्तर मिळतं, "पावसामुळं आहे, साहेब." खरं कारण मात्र नोंदीत उमटलेलं असतं. पावसानं गेलेली लिंक हळूहळू खचते, सर ओसरली की तशीच वर येते. लाईट गेली तर आकडा सरळ तुटतो. आलेख पाहून माझ्याकडचा दहावी झालेला पोरगाही सांगेल की काय झालं.

पण हा आलेख आपल्याला कोण दाखवतो? दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे मोठा खंड धरला जातो तो जिल्ह्यात सलग चार तासांहून अधिक सेवा बंद राहिली तर, आणि ग्राहकाला सवलत मिळते ती खंड २४ तासांच्या पुढं गेला तर. नियम आले ही चांगली गोष्ट झाली. पण नांदेड जिल्हा सोळा तालुक्यांचा. माळाकोळीचा एक टॉवर पावसात पन्नास मिनिटं मुका झाला, तर तो या मापात कुठंच बसत नाही. माप टॉवरचं हवं, आणि पावसाळ्याचं वेगळं हवं.

या नोंदींचा दुसरा उपयोग मला त्याहून मोठा वाटतो. पावसानं लिंक किती खचली हे माहीत असेल, तर दोन टॉवरांच्या मध्ये पाऊस किती झाला हे उलट गणितानं काढता येतं. २००६ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी हे 'सायन्स' नियतकालिकात मांडलं. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये सुमारे २,४०० मोबाइल लिंकच्या नोंदींवरून देशभराच्या पावसाचे नकाशे काढून दाखवले गेले. बुर्किना फासोसारख्या गरीब, कोरडवाहू देशातही तिथल्या मोबाइल कंपनीच्या लिंकवरून पाऊस ओळखला गेला. वेगळं यंत्र विकत घ्यावं लागलं नाही, जे होतं त्याच्याच नोंदी वापरल्या.

आपल्याकडं अतिवृष्टी ठरते महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर. २४ तासांत पाऊस ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. एका मंडळात वीसेक गावं येतात आणि यंत्र सहसा एक. मराठवाड्याचा पाऊस कसा पडतो हे कुणाला सांगायला नको, एका शिवारात गुडघाभर पाणी आणि ओढ्यापलीकडं धूळ. यंत्रावर ६० मिलिमीटर पडला आणि तुमच्या शेतावर ११०, तर तुमचं म्हणणं कोण ऐकणार? त्या शेताच्या डोक्यावरून पुष्कळदा एक लिंक जात असते. ११० मिलिमीटर काय झाला ते तिनं भोगलेलं असतं आणि कंपनीच्या संगणकात लिहूनही ठेवलेलं असतं. अशी साक्ष पंचनाम्याला जोड म्हणून का घेऊ नये? अचूकतेत ती पर्जन्यमापकाच्या बरोबरीची नाही, डिशच्या झाकणावर साचलेलं पाणीही थोडी चूक घालतं. पण आज त्या शेतासाठी दुसरी कसलीच साक्ष नाही.

आता लेझरच्या प्रकाशावर चालणाऱ्या लिंक येत आहेत. प्रकाशावरून आवाज पाठवण्याचा प्रयोग ग्रॅहम बेलनं १८८० मध्येच केला होता. अलीकडं 'तारा' नावाच्या यंत्रानं काँगो नदीवरून ब्राझाव्हिल ते किन्शासा असं पाच किलोमीटरच्या आसपासचं अंतर प्रकाशानं जोडलं. आपल्याकडं एअरटेलनं या यंत्रासाठी हातमिळवणी केल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. या प्रकाशाचा वैरी वेगळा आहे. पावसाचे मोठे, विरळ थेंब त्याला धुक्याइतके अडवत नाहीत. धुक्याचे कण मात्र त्याच्या लहरीच्याच मापाचे, ते त्याला किलोमीटरभरात पुसून टाकतात. उन्हाळ्यात तापलेल्या रानावर हवा थरथरते तेव्हाही तो डळमळतो. आपल्याकडं दाट धुकं पौषातल्या मोजक्या सकाळी, धो-धो पाऊस इतर महिन्यांत. दोन्ही संकटं एका वेळी सहसा येत नाहीत. म्हणून एका टॉवरवर प्रकाश आणि रेडिओ दोन्ही ठेवले तर लोह्याला ते चांगलं मानवेल. पण त्याचाही निर्णय इथल्या पावसाच्या, धुक्याच्या आणि मातीच्या नोंदी पाहून व्हावा.

विष्णुपुरीला श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. लिंकच्या नोंदींवरून पाऊस काढण्याचं गणित तिथली मुलं सहज करतील. जिल्हाधिकाऱ्यांनी कंपन्यांकडून फक्त जून ते ऑक्टोबरच्या नोंदी मागवाव्यात. त्यात कुणाचं बोलणं नसतं, कुणाचा नंबर नसतो, नुसती लिंकची ताकद असते.

तोवर आपण एक करू. पावसात नेटवर्क गेलं की तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, गाव, पाऊस होता का आणि लाईट होती का, एवढं वहीत लिहा. माझ्या दुकानात अशी वही मृगापासून ठेवणार आहे. तुमच्या गावात ग्रामपंचायतीत किंवा रेशन दुकानात ठेवा, आणि दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ती वाचून ठरावाला जोडा.