फ्लॅट घेताना आपण काय विचारतो?



भाचीचं लग्न ठरलंय आणि मुलाकडच्यांनी सांगलीतच फ्लॅट बघायला घेतलाय. गेल्या रविवारी मी, वन्सं आणि भाची असे तिघी बघायला गेलो. इमारत अजून निम्मी उभी आहे. आम्ही काय विचारलं? मंदिर किती लांब, दार पूर्वेला आहे का, आणि अर्थातच, "सगळे शाकाहारीच असणार ना?" बिल्डरच्या माणसानं तिन्ही उत्तरं तोंडपाठ दिली. खाली उतरताना पार्किंगच्या भिंतीवर विजेचे मीटर बसवायची जागा दिसली. जेमतेम कमरेएवढी उंच. पाहून माझ्या पोटात गोळा आला.

ऑगस्ट २०१९ मध्ये वन्सं ज्या इमारतीत राहत होत्या, तिथेही मीटर असेच खाली होते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा ५७ फुटांवर गेली. वन्सं दुसऱ्या मजल्यावर, घरात थेंब नाही. पण मीटर बुडाले, वीज गेली, लिफ्ट बंद, पंप बंद. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं. आपण रोज दुहेरी फडक्यातून पाणी गाळतो, जिवाणी जपून पुन्हा पाण्यात सोडतो. तिथे गाळायला पाणीच नव्हतं. सासूबाईंना खुर्चीवर बसवून जिन्यानं खाली आणलं आणि होडीत घातलं. पूर ओसरला, तरी त्यानंतर आठ दिवस इमारतीत अंधार होता.

नियम नाहीत असं नाही. २०२० पासून मुंबई आणि काही थोडे भाग सोडले तर राज्यभर बांधकामाची एकच नियमावली आहे. नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा. निळीच्या आत बांधकामाला मनाई. निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधायचं तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंच. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची म्हणतात. आम्ही २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले, अजून माझे केससुद्धा पुरते पांढरे झालेले नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की नुसतं घर वर नेऊन भागत नाही. मीटर, पंप आणि टाकीचं तोंड खालीच ठेवलं तर वरचं घर म्हणजे बिनपाण्याचं बेट. राज्याचा नियम सगळ्या गावांसाठी सारखा. सोलापूरला याची फिकीर नसेल, आम्हाला आहे. म्हणून सांगलीत नवी इमारत मंजूर करताना स्थानिक अट हवी: मीटर आणि पंप पहिल्या मजल्याच्या पातळीला, टाकीचं झाकण पाणी न शिरणारं, आणि २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण प्रत्येक प्रवेशद्वाराच्या भिंतीवर. खर्च वाढेल म्हणतील. वाढू दे. संगमरवरी लॉबीला वाढतो तेव्हा कुणी बोलत नाही.

अशी अट नियमात घालायची तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे आधी जाहीर सूचना निघते आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. सूचना वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते, आणि तो कागद आपण पोळ्यांच्या डब्याखाली घालतो. मीही घातलाय. पण आपल्या महिला मंडळात एका हाकेला पन्नास सह्या सहज होतात, मग या कामाला का नको? मागणीचा अर्ज मी लिहून ठेवलाय, पुढच्या बैठकीला आणते. सुधारणा करायच्या असतील तर तिथे सांगा.

शाकाहारी शेजाराचं मला वावडं नाही. मलाही आवडतो. पण पूर काही स्वयंपाकघर बघून वळत नाही.

बिल्डरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, ही जागा लाल रेषेच्या कुठल्या बाजूला? "मॅडम, बघून सांगतो" म्हणाला. आज नऊ दिवस झाले. टोकन अजून दिलेलं नाही, आणि भाची माझ्यावर थोडी रुसली आहे.