अग्रशाळेत न शिकवलेला धडा

मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याची असंख्य कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनाला गोव्यात जातात. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी अशी फेरी होते. अभिषेक होतो, अग्रशाळेत प्रसादाचे जेवण होते, मुलांना समुद्र दाखवला जातो आणि कुटुंब परतीच्या गाडीला लागते. या धावपळीत एखादे मूल विचारते, देव मूळचा कुठ्ठाळीचा, तर मग तो इथे का आला? बहुतेक घरांत त्याला एका वाक्याचे उत्तर मिळते : पोर्तुगीजांनी बाटवाबाटवी केली म्हणून. मूल गप्प बसते आणि इतिहासाचा तास तिथेच संपतो.

हा तास शाळेत पुन्हा भरत नाही. गोव्यावर साडेचारशे वर्षे परकीय सत्ता होती. १५४० मध्ये तिसवाडीतील आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. हिंदूंच्या अनाथ मुलांना मिशनऱ्यांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम १५५९ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी, १५६० मध्ये, इन्क्विझिशनचे धर्मन्यायासन स्थापन झाले. मधली काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. १६८४ मध्ये लोकांच्या तोंडची कोकणीही मोडून काढण्याचे फर्मान निघाले. युरोपातील इन्क्विझिशनवर पानेच्या पाने वाचणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला गोव्यातील इन्क्विझिशनचे नावही ठाऊक नसावे, हा योगायोग म्हणायचा काय?

योगायोग नव्हे, हे सांगणारा पुरावा उपलब्ध आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे राज्य असताना १९८९ मध्ये तेथील माध्यमिक शिक्षण मंडळाने एक परिपत्रक काढले. मुस्लीम राजवटीवरील टीका आणि मंदिरांच्या विध्वंसाचे उल्लेख पाठ्यपुस्तकांतून गाळावेत, असा त्याचा आशय होता. अरुण शौरी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा पंचनामा केला. सलोख्याच्या नावाखाली मुलांपासून सत्य दडवायचे आणि त्यालाच वैज्ञानिक दृष्टी म्हणायचे, हा या मंडळींचा जुना परिपाठ. ज्या मुलाला पुराव्याकडे पाहूच दिले नाही, ते चिकित्सा तरी कशाची करणार?

तेव्हा ही जबाबदारी घरावर येते. काही थोडी कुटुंबे मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात आणि मुक्त विद्यालयामार्फत परीक्षेला बसवतात. तो मार्ग सर्वांना झेपणारा नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. रात्रीच्या जेवणानंतरचा एक तास बहुतेक घरांत निघू शकतो. खरा प्रश्न त्या तासात काय शिकवायचे हा आहे, आणि येथे राष्ट्रीय विचारांच्या घरांनाही काही कडू ऐकून घ्यावे लागेल.

जुन्या गोव्यातील ‘हातकातरो खांब’ दाखवून, येथे धर्म न बदलणाऱ्या हिंदूंचे हात तोडत असत, असे मुलांना ठासून सांगितले जाते. तो पोर्तुगीजांचा दंडस्तंभ होता असे मानले जाते. त्याची शिळा एखाद्या प्राचीन मंदिराची असावी, असा जाणकारांचा तर्क आहे. हात तोडण्याची कथा मात्र लोकांच्या तोंडून आलेली आहे, कागदपत्रांतून नव्हे. जाळलेल्यांचे लाखांतले आकडेही असेच फिरत असतात. अभ्यासकांच्या हाती असलेल्या नोंदींवरून गोव्याच्या धर्मन्यायासनापुढे चाललेले खटले सोळा हजारांहून अधिक होते. एका लहानशा प्रदेशाची घडी विस्कटून टाकायला ही संख्या पुरेशी नाही, असे कोणाला वाटते? मग ती फुगवायची कशासाठी? घरी लाखांचा आकडा पाठ केलेला मुलगा महाविद्यालयात जातो, तेथील प्राध्यापक तो आकडा दोन मिनिटांत खोडून काढतात, आणि त्या खोट्या आकड्याबरोबर खरे सोळा हजारही मुलाच्या मनातून पुसले जातात. घरी ऐकलेले सारेच खोटे होते, असे समजून तो परततो. डाव्यांना परिपत्रक काढून जे जमले नाही, ते अशा वेळी आई-वडिलांच्या अतिउत्साहाने साधते.

अनंत काकबा प्रियोळकरांनी हे काम कसे करावे याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. खटल्यांचे बहुतेक मूळ कागद नष्ट करण्यात आले होते. तरी पोर्तुगीजांचेच हुकूम, पाद्र्यांचीच पत्रे आणि स्वतः त्या तुरुंगात खितपत पडलेल्या डेलाँ या फ्रेंच वैद्याचे आत्मकथन यांच्या आधारे त्यांनी १९६१ मध्ये ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा ग्रंथ सिद्ध केला. आरोपीच्याच दप्तरातून काढलेला पुरावा असल्यामुळे तो सहजी नाकारता येत नाही. फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची मागणी केली, हे मुलाला सांगावेच. ते प्रत्यक्ष आले तेव्हा झेवियरला मरून आठ वर्षे झाली होती, हेही त्याच दमात सांगावे.

याहून अवघड प्रश्न पुढे आहेत. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा यांच्या मूर्ती आणि लिंगे नदी ओलांडून ज्या अंत्रुज महालात नेली, तो फोंड्याचा मुलूख त्या वेळी कोणाचा होता? आदिलशाहीचा. ज्या अली आदिलशहाने १५६५ मध्ये तालिकोटच्या रणात विजयनगर बुडवण्यात हात दिला, त्याच्याच राज्यात याच काळात गोव्याच्या देवांना आसरा मिळाला. त्याचे पोर्तुगीजांशी वैर होते आणि १५७० मध्ये त्याने गोव्याला वेढाही घातला. यात उदारता किती आणि राजकारण किती, हे मुलाला शोधू द्यावे. हा प्रसंग गाळला तर तो त्या बंगाली परिपत्रकाचाच उलटा अवतार ठरेल. उलट तो नीट सांगितला, तर शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये नार्वे येथे सप्तकोटेश्वराचे मंदिर पुन्हा उभारण्याचा अर्थ मुलाला अधिक उमगेल. परक्याच्या मुलखात लपून राहिलेला देव आणि स्वकीय राजाने सन्मानाने प्रतिष्ठापिलेला देव, यांतला भेद त्याला आपोआप कळेल.

धर्मन्यायासनाचा रोख मुख्यतः कोणावर होता, हेही सांगायला हवे. हिंदूंवर जाचक निर्बंध होतेच. पण खटल्यांत मोठ्या संख्येने भरडले गेले ते बाप्तिस्मा घेतलेले नवे ख्रिस्ती, कारण घरात चोरून जुने कुळाचार पाळल्याचा त्यांच्यावर संशय होता. तुळशीला पाणी घातले, विशिष्ट पदार्थ रांधला, लग्नात जुनी चाल पाळली, एवढ्यावरून माणूस पकडला जाई. म्हणजे आजच्या गोव्यातील ख्रिस्ती शेजारी हा त्या छळाचा वारस नसून छळ सोसलेल्यांचा वंशज आहे. त्याचे पूर्वज आणि मंगेशीच्या महाजनांचे पूर्वज एकाच गावकरीत बसत होते. शाळेतल्या ख्रिस्ती मित्राकडे पाहताना हे मुलाच्या ध्यानात राहिले पाहिजे.

आणि शेवटचा प्रश्न हिंदू समाजाच्या स्वतःच्या अंगणातला आहे. १९२८ मध्ये मसुराश्रमाच्या विनायक महाराज मसूरकरांनी गोव्यातील सात हजारांहून अधिक गावड्यांना शुद्धी करून स्वधर्मात घेतले. परकीय राजवट छातीवर असताना केलेले ते साहस होते आणि संघटनेच्या व्यासपीठांवरून त्याचा उल्लेख अभिमानाने होतो, तो योग्यच आहे. पण परतलेल्या त्या बांधवांना पुढेही ‘नवहिंदू’ याच नावाने ओळखले जात राहिले. शतक उलटत आले तरी घरी आलेल्या माणसाच्या नावामागचे ‘नव’ गळून का पडले नाही? पूर्वी शेकडो वर्षे परतीची दारे बंद कोणी ठेवली होती? पोर्तुगीजांनी तर नव्हे. दहा वर्षांचे मूल हा प्रश्न विचारील तेव्हा वडीलधाऱ्यांनी विषय बदलू नये.

पुढच्या सुटीत मंगेशीला जाणाऱ्या कुटुंबांनी गाडी आधी कुठ्ठाळीला न्यावी. जुवारीच्या काठी मुलांना उभे करावे, पलीकडचा तीर दाखवावा आणि देव कोणत्या रात्री, कोणाच्या खांद्यावरून आणि कोणाच्या मुलखात गेला असेल, हे त्यांनाच विचारावे. तिथून नार्वे फार लांब नाही. १६६८ चा शिलालेख तिथे आजही आहे आणि २०२३ मध्ये जीर्णोद्धार झाल्यापासून मंदिरही पाहण्याजोगे झाले आहे. अभिषेकाला थोडा उशीर झाला तरी चालेल.